हायब्रिड घेताय? आंब्याची पेटी सोबत न्या

धाकटा मेहुणा मारुतीची ग्रँड व्हिटारा बघायला निघाला, तेव्हा त्याला म्हटलं, हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर) आणि साधी पेट्रोल, दोन्ही गाड्या आधी दापोलीच्या बाजारातून आणि मग दाभोळच्या उतारावर चालव. बाजारात रांगताना हायब्रिडचं इंजिन बरेचदा बंदच असतं, उतारावर ब्रेक दाबला की बॅटरी भरते. तिची खरी कमाई इथली. मोकळ्या हायवेवर फरक घटतो.

मग हिशेब. कंपनी सांगते ते मायलेज हायब्रिडचं लिटरला 27.97 किलोमीटर, साध्या मॅन्युअलचं 21.11. पेट्रोल 100 रुपये धरलं तर किलोमीटरमागे 1.16 रुपये वाचतात. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या माझ्यासारख्याचे सातेक हजार. किमतीतल्या फरकाला त्याने भागा.

आणि डिकी! बॅटरीमुळे 373 लिटरची 265 होते. मी रिकामी पेटी घालून बघितली. सेल्समन हसला, बायको नाही.