सकाळी घाट, दुपारी ट्रंकेतले कागद: वाचनालयाच्या वारसा दिवसाची तयारी

दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. त्यातला रविवार आम्ही सातारा जिल्ह्यातल्या वाईत वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी धरतो. सकाळी मुलाबाळांसह कृष्णा नदीच्या घाटांवरून फेरी, दुपारी लोकांनी घरून आणलेले जुने कागद आणि फोटो पाहणं, संध्याकाळी एक व्याख्यान. तारीख विचार करून ठरवली आहे. मे महिन्यात व्याख्यानमाला असते. माघ-फाल्गुनात कृष्णामाईचा उत्सव एकेका घाटावर चालू असतो आणि त्याच सुमारास दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली, नाहीतर शेवाळलेल्या. नोव्हेंबरात नदी उतरलेली असते, दिवाळीचे पाहुणे परतलेले असतात, आणि मुख्य म्हणजे साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आलेली असते. म्हणून आवाहन दिवाळीच्या आधी पंधरा दिवस करा. उशीर झाला की "अहो, परवाच रद्दीत घातलं" असं उत्तर येतं आणि ते ऐकताना पोटात तुटतं.

आवाहनाचा मजकूर नीट लिहा. "ऐतिहासिक दस्तऐवज घेऊन या" असं लिहिलं की लोकांना वाटतं, आपल्याकडे कुठलं काय, आपण काही सरदार घराण्यातले नाही. त्याऐवजी वस्तूंची नावं घ्या: लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, हळदीच्या अडतीतली चोपडी, आजीच्या हातची पाककृतींची वही, घाटावर पोहायला शिकतानाचा फोटो. वाईसारख्या गावात पेशवाईबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. गावातल्या आळीत साठ वर्षांपूर्वी कोण राहत होतं, हे सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत. आपला कार्यक्रम त्यांच्यासाठी आहे. त्यांच्या घरचा कागद रद्दीवाल्याकडे जायच्या आधी वाचनालयाच्या टेबलावर यावा, एवढ्याचसाठी ही सगळी खटपट.

फेरीसाठी नगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी पत्र द्या, पोच घ्या. गंगापुरीपासून भीमकुंड आळीपर्यंत सात घाट आहेत. सगळे एका सकाळी करायचा हट्ट नको. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतात, त्यामुळे गंगापुरी, मधली आळी आणि गणपती आळी एवढं पुरे. सातला निघा, नऊला पोह्यांवर या. तीस-पस्तीस माणसांमागे एक सांगणारा आणि दोन कार्यकर्ते लागतात, आणि त्यातला एक कायम पाण्याच्या बाजूला उभा हवा. प्रथमोपचाराची पेटी आणि पाण्याचा पिंप आदल्या रात्रीच काढून ठेवा. जवळच्या मेणवली गावातला नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि तिथली मोठी घंटा बघायची असेल तर ती फेरी वेगळ्या दिवशी ठेवा. वसईच्या मोहिमेनंतर आलेल्या त्या पोर्तुगीज घंटेजवळ मुलं अर्धा तास हलत नाहीत. वाडा खाजगी मालकीचा आहे, परवानगी आधी विचारलेली बरी.

गणपती आळीच्या घाटावरच्या ढोल्या गणपतीपाशी मात्र घाई करू नका. पेशवाईतल्या रास्ते सरदारांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ बहुतेक जण समोरून दर्शन घेऊन सोडतात. मुलांना मागच्या बाजूला न्या. तिथली भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे; पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. हे तोंडी सांगण्यापेक्षा एक उतरता पाट, एक निमुळता दगड आणि तांब्याभर पाणी बरोबर ठेवा. पाणी मुलांनाच ओतू द्या. दगड आधी आडवा ठेवायचा, मग टोक पाण्याकडे करून. मागच्या खेपेला एका सहा वर्षांच्या मुलीने पाच वेळा तांब्या भरून आणला आणि मग भिंतीवर हात फिरवत राहिली. त्या दिवशी तिला साल आठवलं नसेल, पण ती भिंत ती विसरणार नाही.

दुपारच्या टेबलाची तयारी सगळ्यात काळजीने करा. खिडकीजवळ दोन मोठी टेबलं, त्यांवर धुतलेली पांढरी चादर. चहा-सरबत दुसऱ्या खोलीत. टेबलावर शाईचं पेन येता कामा नये, सगळी टिपणं शिसपेन्सिलीने. वस्तू आत येताच नोंदवहीत लिहायची: आणणाऱ्याचं नाव, वस्तू, पानं किती, घेतल्याची वेळ, परत दिल्याची वेळ, दोन्ही वेळा सही. आणखी एक रकाना विसरू नका: छायाचित्र भिंतीवर लावायला चालेल, की फक्त वाचनालयात जपून ठेवायचं? काही घरांच्या कागदांत वाटण्यांचे वाद असतात, तिथे हा प्रश्न हळुवारपणे आणि एकांतात विचारा.

आमच्याकडून पहिल्या वर्षी चूक झाली. एका काकूंनी सासऱ्यांचं पत्र आणलं होतं, घडीवर विरलेलं. मदतीला आलेल्या उत्साही मुलाने ते मागून चिकटपट्टीने जोडलं. वर्षभरात पट्टी पिवळी पडली आणि तिच्याखालची अक्षरं पुसट झाली. काकू काही बोलल्या नाहीत. मला ते अजून लागून राहिलं आहे. तेव्हापासून पहिली सूचना हीच: चिकटपट्टी, डिंक, स्टेपल, लॅमिनेशन, काहीही नाही. फाटका कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवायचा आणि तसाच परत करायचा. छायाचित्र फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, बाजूला फूटपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचं घ्या. फोटोच्या पाठीवर बहुतेकदा नावं असतात आणि घाईत तीच राहून जातात. स्कॅनर असेल तर कागदाला ३०० डीपीआय, लहान फोटोंना ६००.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची जोडून लिहायची लिपी, वाचणारा जाणकार महिनाभर आधी ठरवा आणि त्यांना चारच्या पुढे बसवून ठेवू नका, डोळे थकतात. कागद मोडीत निघाला की घरची माणसं पहिल्यांदा विचारतात, "किती जुना?" याचं उत्तर देता यावं म्हणून भिंतीवर एक तक्ता लावा. जुन्या कागदांवर शके, फसली किंवा सुहूर अशा वेगवेगळ्या कालगणनांची वर्षं असतात. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली असेल तर ५९०. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, तिथे लोक अडतात. "इहिदे सबैन मया व अलफ" म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजेच ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येतं, आणि हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होत असल्यामुळे ते १७७०-७१ असं लिहायचं. हा हिशोब मुलांना करायला द्या. आपल्याच घरच्या कागदाचं वय नातवाने काढून दिलं की आजोबांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

शेजारी पुस्तकांचं एक टेबल हवं. सातारा जिल्ह्याचं १८८५चं गॅझेटियर, मराठी विश्वकोशातली वाईवरची नोंद. विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावात बसून उभं केलं आणि पहिला खंड १९७६ साली निघाला, हे इथल्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवं. खंड काचेच्या कपाटात न ठेवता उघडून ठेवा, हात लागू द्या.

व्याख्यानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाळीस मिनिटं, विषय गावातलाच, ध्वनिक्षेपक आधी तपासलेला. समोरच्या दोन रांगा ज्येष्ठांसाठी, बाकी सतरंजी. दिवसाचा अहवाल आणि फोटो त्याच आठवड्यात तयार करून ठेवा, अनुदानाच्या कागदपत्रांत लागतात.

रात्री खुर्च्या उचलण्याआधी नोंदवही उघडा आणि परत दिल्याच्या रकान्यावरून बोट फिरवा. एखादी ओळ रिकामी राहिलेलीच असते. कुणाला लवकर निघावं लागलं, कुणी "उद्या नेतो" म्हणालं. तो कागद कपाटात ठेवून घरी जाऊ नका. दोघांनी मिळून त्यांच्या दारापर्यंत जा, हातात द्या आणि सही घ्या.