बर्लिनची स्केटिंग मॅरेथॉन मित्रासोबत कशी पूर्ण करावी

सप्टेंबरमध्ये बर्लिन मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच शहरात इनलाइन स्केटर्सची, म्हणजे एका रेषेत चाकं असलेले स्केट्स घालणाऱ्यांची, ४२.१९५ किलोमीटरची शर्यत असते. रस्ता सपाट, रुंद आणि वाहनांना बंद. पहिल्या लांब शर्यतीसाठी याहून चांगली जागा मी सुचवणार नाही. दोन तास सलग स्केटिंग करता येतं आणि वेगात असताना थांबता येतं, असं गृहीत धरून पुढचं लिहितो.

दोघं मिळून जाणाऱ्यांना हमखास एक सल्ला मिळतो: ‘आपापल्या वेगाने जा, शेवटी भेटू.’ तो मुळीच ऐकू नका. स्केटिंगमध्ये सपाट रस्त्यावर तुमचा खरा विरोधक वारा असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. मागे राहणाऱ्याला हा रोध बराच कमी लागतो. दोघं वेगळे झालात तर दोघांनाही संपूर्ण अंतर वाऱ्याशी एकट्याने झुंजावं लागतं.

१. वेग ठरवा. जो हळू आहे, त्याचा वेग हाच दोघांचा वेग. दोन तासांत संपवायचं असेल तर ताशी २१ किलोमीटर, म्हणजे दर ५ किलोमीटरला सव्वाचौदा मिनिटं. नाव नोंदवताना दोघांनीही हीच अपेक्षित वेळ लिहा. सुरुवातीचे गट वेळेनुसार पाडतात.

२. सामान. हेल्मेट सक्तीचं आहे. नवे बूट, नवे मोजे त्या दिवशी नकोत.

३. उजवं वळण पक्कं करा. महाराष्ट्रात रिंकवर शिकलेल्यांना हे खास सांगतो. रिंकवर आपण सतत डावीकडेच वळतो, त्यामुळे उजवीकडे वळताना पाय अडखळतात. शहरातले रस्ते दोन्हीकडे वळतात.

४. एकामागे एक चालणं, म्हणजे ड्राफ्टिंग. सगळी शर्यत इथे ठरते. मलाही सगळ्यात उशिरा जमलं ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पायांचा ताल. पुढच्याचा उजवा पाय बाहेर जातो तेव्हा मागच्याचाही उजवाच जायला हवा. ताल चुकला की एकाचा बाहेर गेलेला पाय दुसऱ्याच्या आत येणाऱ्या पायाला लागतो, चाकाला चाक घासतं आणि पडतो तो बहुधा मागचा. ‘नजर पुढच्याच्या चाकांवर ठेवा,’ असं सांगणारे बरेच भेटतील. त्याने मान खाली जाते आणि रस्ता दिसत नाही. नजर त्याच्या खांद्यावरून पुढे ठेवा. ताल त्याच्या कमरेच्या हालचालीवरून आपोआप कळतो.

अंतर एका हाताचं. हात अर्धवट वाकवून पुढे तयार ठेवा. पुढचा अचानक मंदावला तर तळवा त्याच्या कमरेच्या खालच्या भागावर अलगद टेकवायचा. ढकलायचं नाही आणि धरायचं तर अजिबात नाही. पुढच्याने हात पाठीमागे बांधावेत. ते जोरात हलवत राहिला तर मागच्याला लागतील.

रांगेत असताना टाचेचा ब्रेक कधीही लावू नका. तुमच्या मागे अनोळखी माणसं येऊन जोडली गेलेली असतात, आणि त्यांना तुमचा ब्रेक दिसत नाही. वेग कमी करायचा असेल तर कमरेतून सरळ उभे राहा. वारा छातीवर आला की वेग आपोआप उतरतो. तेवढ्याने भागलं नाही तर मागे बघून बाजूला सरका.

आता सगळ्यात अवघड भाग: पुढची जागा बदलणं. पुढच्याने मागे नजर टाकायची, वेग न उतरवता बाजूला व्हायचं आणि मगच ढिलं पडायचं. मागच्याने काहीही करायचं नाही. हे ‘काहीही न करणं’च जमत नाही. पुढे जागा मोकळी दिसली की नवा माणूस उत्साहाने जोर लावतो, आणि आत्ताच वारा झेलून दमलेला सोबती पाच मीटर मागे पडतो. ते पाच मीटर भरून काढण्यात त्याची उरलीसुरली ताकद जाते. असं चार-पाचदा झालं की पस्तिसाव्या किलोमीटरला तो संपलेला असतो. म्हणून पुढे आल्यावर पहिली दहा पावलं अगदी आधीच्याच जोराने टाका, आणि मागून ‘आलो’ ऐकू आल्याशिवाय वेग वाढवू नका.

पाळ्या समान नसाव्यात. दमदार माणसाने साठ पावलं पुढे राहावं, दुसऱ्याने वीस. समान वाटणी न्यायाची वाटते, पण तिने दोघांचंही नुकसान होतं.

एकमेकांशी मराठीत बोला, ‘डावीकडे खड्डा’ लगेच कळतं. पण मागच्या अनोळखी लोकांसाठी हाताने खूणही करा.

हे सगळं शर्यतीआधी मोकळ्या रस्त्यावर दोघांनी मिळून घोटून घ्या. त्या दिवशी गर्दीत शिकता येत नाही.

५. सुरुवात. टिअरगार्टन या मोठ्या बागेतल्या रुंद रस्त्यावर गर्दी मोठी असते. गर्दी विरळ होईपर्यंत ड्राफ्टिंग नको, नुसते जवळ राहा.

६. पाऊस असेल तर. पाय बाजूला लांब फेकू नका, पावलं आखूड ठेवा. रस्त्यावर मॅरेथॉनसाठी निळी रेघ मारलेली असते. सर्वांत जवळचा मार्ग तीच दाखवते, पण ओला रंग निसरडा असतो. रेघेच्या शेजारून जा. पादचारी पट्टे आणि लोखंडी झाकणंही टाळा. दोघांमधलं अंतर एका हातावरून दोन मीटरवर न्या.

७. शेवट. कुर्फ्युर्स्टनडाम हा रस्ता आणि पोट्सडामर प्लाट्झ हा चौक मागे पडले की लोकांचा आवाज वाढतो आणि पाय आपोआप जोर धरतात. धरू देऊ नका. ब्रांडेनबुर्ग दरवाजा म्हणजे अंतिम रेषा नव्हे, ती त्याच्या पलीकडे आहे. दरवाजा ओलांडल्यावर एकमेकांच्या शेजारी या. रेषेवर एकदम थांबू नका, मागून येणारे धडकतात. घरंगळत पुढे जाऊन कडेला व्हा. पावसात स्केटिंग केलं असेल तर चाकांचे बेअरिंग त्याच रात्री काढून पुसा, वाळवा आणि तेलाचा एकेक थेंब सोडा. सकाळपर्यंत थांबलात तर गंज धरतो.