एसएसएच किल्ल्यांद्वारे पासवर्डविना लॉगिन

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे प्रवेश करण्याची पद्धत; तिथे पासवर्डऐवजी डिजिटल किल्ल्यांची जोडी वापरता येते. प्रथम आपल्या संगणकावर 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा चालवून ईडी२५५१९ प्रकारची खासगी व सार्वजनिक किल्ल्यांची जोडी तयार करावी आणि खासगी किल्लीला सांकेतिक वाक्याचे संरक्षण अवश्य द्यावे, कारण ती फाइल चोरीला गेल्यास तेवढाच अडसर उरतो. नंतर 'एसएसएच-कॉपी-आयडी' या आज्ञेने फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठवावी. तरीही पासवर्ड विचारला गेला, तर बहुधा परवानग्या चुकलेल्या असतात. सर्व्हरवरील 'डॉट एसएसएच' फोल्डरला ७०० (फक्त मालकाला पूर्ण हक्क) आणि त्यातील 'ऑथराइज्ड कीज' फाइलला ६०० (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याचा हक्क) परवानगी द्यावी. पासवर्डचा मार्ग बंद करण्यापूर्वी मात्र चालू सत्र उघडे ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून किल्लीने प्रवेश मिळतो याची खात्री करावी, अन्यथा सर्व्हरचे दार आपल्यालाच बंद होईल.