धाकधूक कशी उभी करावी: मोबाइलवर चित्रित करायचा एक प्रसंग

प्रसंग साधाच घेऊ. रात्रीचे अकरा वाजलेत. आई जेवणाच्या टेबलाशी बसली आहे, मोटरसायकल घेऊन गेलेला मुलगा अजून परतलेला नाही. कुणी रडत नाही, ओरडत नाही, तरी बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायला हवा. लांबी दोन मिनिटं.

पहिलं काम कागदावरचं: प्रेक्षकाला काय माहीत असेल ते ठरवा. एकदम दारावर थाप पडली तर तो दचकेल, इतकंच. पण सुरुवातीलाच दाराआडच्या खुंटीला मुलाचं हेल्मेट लटकलेलं दिसलं आणि आईचं तिकडे लक्षच नसलं, तर धाकधूक तिथूनच सुरू होते. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचे ते यासाठीच. न सांगता फुटला तर 15 सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर 15 मिनिटांचा ताण. हेल्मेट तीन सेकंद दाखवा आणि एकदाच. दुसऱ्यांदा दाखवलंत की ‘कळलं हो!’ असं प्रेक्षक मनात म्हणतो.

आता फोन. सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं), शटर 1/50, म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागात टिपायचं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1/60 शटरवर बऱ्याच दिव्यांखाली चित्र लुकलुकतं किंवा पट्टे सरकतात. फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा, नाहीतर आई जरा हलली की अख्खी खोली उजळते नि काळवंडते. ट्यूब बंद ठेवून टेबलाच्या एका अंगाला पिवळा बल्ब लावा.

शॉट चार पुरेत. हेल्मेटनंतर लांबून स्थिर शॉट, आठ-दहा सेकंदांचा: आई एका कडेला, दार दुसऱ्या कडेला, मधे रिकामी जागा. ती जागाच वाट पाहते. मग मध्यम शॉट (साधारण कमरेपासून वर), ती मुलाच्या ताटावर दुसरं ताट उपडं घालते. क्लोजअप राखून ठेवा. तो आधीच खर्च केला तर शेवटी हातात काही उरत नाही. चेहऱ्यासाठी फोन नाकाशी नेऊ नका, नाक मोठं दिसतं. 2एक्स लेन्स घ्या आणि मागे सरका. आई दाराकडे, म्हणजे उजवीकडे बघत असेल, तर कॅमेरा टेबलाच्या पलीकडे नेऊ नका. तिथून ती डावीकडे बघताना दिसेल आणि तिने दाराकडे पाठ फिरवली असं वाटेल.

अभिनेत्रीला रडायला सांगू नका. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शतकापूर्वीचा प्रयोग प्रसिद्धच आहे: नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि स्त्री यांना जोडला, तेव्हा प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. तेव्हा चेहऱ्याचा कोरा शॉट सलग वीस सेकंद घेऊन ठेवा.

खरी कमाल आवाजाची, आणि हौशी मंडळी तिथेच कंटाळा करतात. पंखा आणि फ्रीज बंद करा. (गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसरणार नाही. ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती.) सगळ्यांना गप्प बसवून खोलीची शांतता 30 सेकंद रेकॉर्ड करा, संकलनात ती सगळ्या शॉटखाली अंथरायची, नाहीतर प्रत्येक कटवर आवाज तुटतो. मोटरसायकलचा आवाज घरातूनच, बंद खिडकीशी फोन ठेवून घ्या. रस्त्यावर घेतलात तर गाडी स्वयंपाकघरात शिरल्यासारखी वाटते.

संकलनात हा आवाज मध्यम शॉटवरच, हलका सुरू करा. तो वाढू लागला की क्लोजअपला कट. गाडी जवळ येते, दारापाशी येते, आणि न थांबता पुढे निघून जाते. आता कापायचं नाही. आवाज विरल्यावरही चेहरा चार-पाच सेकंद तसाच ठेवा. हात कापायला शिवशिवतील, पण प्रेक्षकाला हेल्मेट आठवतं ते याच सेकंदांत. इथे व्हायोलिन लावलंत तर त्याने काय वाटून घ्यायचं ते तुम्हीच सांगून टाकता. संगीत हवंच असेल तर चेहऱ्यानंतर, अंधारावर.

झाल्यावर गोष्ट न सांगता एखाद्या शेजाऱ्याला दाखवा आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे बघा. तो जिथे खुर्चीत सैलावला, तो शॉट दोन सेकंदांनी कमी करा.