वजन घटलेल्या, आजारी कासवाची शुश्रूषा कशी करावी

डिसेंबर-जानेवारीत खान्देशातील रात्रीचे तापमान कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरते आणि नेमक्या याच दिवसांत घरी पाळलेल्या जमिनीवरच्या कासवांचे खाणे सुटते. ‘थंडीत कासव झोपतेच’ अशी समजूत असल्यामुळे त्याला आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात तसेच पडू दिले जाते. ही समजूत युरोपातील किंवा मध्य आशियातील काही जातींपुरती खरी आहे. आपल्याकडे पाळले जाणारे सुलकाटा हे आफ्रिकी कासव सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या, उष्ण पट्ट्यातले असून ते शीतनिद्रा घेत नाही. ते गारठते, त्याचे पचन मंदावते, आणि मार्चमध्ये ऊन चढू लागते तेव्हा हातात उचललेले कासव रिकाम्या डब्यासारखे हलके लागते. अशा कासवाला आधी ऊब, मग पाणी आणि सर्वांत शेवटी अन्न द्यायचे असते. घाबरलेला माणूस हा क्रम नेमका उलटा करतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे पानांचा ढीग टाकतो.

कासव कोणते आहे ते आधी ओळखा

पाठीवर पिवळ्या रेषांची चांदणीसारखी नक्षी असेल, तर ते भारतीय स्टार कासव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्यामुळे ते घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो, मग ते विकत घेतलेले असो, शेतात सापडलेले असो किंवा ‘घरात कासव असले की बरकत राहते’ म्हणून कोणी भेट दिलेले असो. ते आजारी असले तरी घरगुती उपचारांत दिवस न घालवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सुलकाटासारखी परदेशी कासवे बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कंटाळून किंवा पुण्य म्हणून जमिनीवरचे कासव तापीत, गिरणेत किंवा विहिरीत सोडणारे लोक आहेत. या कासवाला पोहता येत नाही, ते बुडून मरते. पुढील माहिती जमिनीवरच्या कासवासाठी आहे. काचेच्या टाकीत ठेवतात त्या पाण्यातल्या कासवांचे आहार आणि व्यवस्था वेगळी असते.

वजन आणि तपासणी

स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. मात्र तो कासवासाठी वेगळाच ठेवावा. आजारी कासवाचे वजन रोज सकाळी, पाण्यात बसवण्यापूर्वी, एकाच वेळी घ्यावे आणि वहीत तारखेसह लिहावे. ४०० ग्रॅमचे कासव ३६० ग्रॅमवर आले, म्हणजे दहावा हिस्सा वजन गेले. एवढी घट झाली की पशुवैद्यांकडे जाणे टाळू नये. लांबीवरून योग्य वजन काढण्याचा एक तक्ता इंटरनेटवर फिरत असतो, पण तो भूमध्य समुद्राकाठच्या दोन जातींसाठी तयार झालेला आहे. सुलकाटाला तो लावल्यास निष्कर्ष चुकतो, म्हणून आपल्या वहीतील आकड्यांची एकमेकांशी तुलना करणेच अधिक भरवशाचे आहे.

काट्यावरून उतरवताना कासव नीट पाहावे. डोळे खोल गेले असतील, पुढच्या पायांच्या मुळाशी खळगे पडले असतील आणि कातडी सैल लोंबत असेल, तर शरीरातील पाणी व मांस दोन्ही घटले आहे असे समजावे. कवच बोटाने दाबल्यावर दबले, तर ती कॅल्शियम आणि उन्हाच्या कमतरतेची खूण असते. फार लहान पिल्लांचे कवच मात्र मुळातच थोडे लवचिक असते. लघवीबरोबर पांढरा पदार्थ पडतो, तो दह्यासारखा मऊ असेल तर चिंता नाही. वाळूसारखा खरखरीत किंवा खडूसारखा घट्ट असेल तर कासवाला पाणी कमी पडत आहे.

ऊब

कासवाचे रक्त स्वतःहून गरम राहत नाही. पचन, रोगप्रतिकार, एवढेच नव्हे तर औषधाचा परिणामही बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतो. आजारी सुलकाटाला दिवसरात्र २८ ते ३० अंशांची जागा आणि दिवसा दिव्याखाली ३५ अंशांपर्यंतचा एक उबदार कोपरा द्यावा. त्यासाठी लाकडी खोके किंवा प्लास्टिकचा मोठा क्रेट घेऊन तळाशी वर्तमानपत्र अंथरावे, जेणेकरून विष्ठा लगेच दिसते आणि माती-भुसा पोटात जात नाही. थर्मोकोल वापरू नये. कासव त्याचे तुकडे तोडून खाते. एका टोकाला ६० वॅटचा पिवळा बल्ब सुमारे एक-दीड फूट उंचीवर टांगावा आणि दुसरे टोक तुलनेने थंड ठेवावे, म्हणजे कासवाला हवी ती जागा निवडता येईल. थर्मामीटर भिंतीवर लावून काही कळत नाही, तो कासवाच्या पाठीच्या उंचीवर हवा. रात्री सतत उजेड राहिल्यास त्याची झोप मोडते, त्यामुळे शक्य असेल तर रात्रीपुरता उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह लावावा. रात्री वीज जाण्याचा नेम नसलेल्या गावांत गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून खोक्यात एका बाजूला ठेवणे हा साधा तोडगा आहे. पोटाखाली तापणारी गादी मात्र नको. खालून भाजत असल्याचे कासवाला वेळेत जाणवत नाही.

पाणी

खोके नीट तापल्यावर, त्याच दिवशी, कासवाला कोमट पाण्यात बसवावे. पसरट घमेल्यात ३० अंशांच्या आसपासचे पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकेच भरावे आणि १५ ते २० मिनिटे जवळून हलू नये, कारण अशक्त कासवाची मान खाली गेली तर नाकात पाणी शिरते. कासव मान लांब करून पाणी पिऊ लागले की घशाची हालचाल स्पष्ट दिसते. पुष्कळदा ते पाण्यातच विष्ठा करते. पाणी गार होण्याआधी त्याला बाहेर काढून, फडक्याने पुसून, लगेच उबेत ठेवावे. हे रोज करावे. पहिल्या काही दिवसांत काट्यावर वाढलेले दिसणारे वजन बहुतांशी पाण्याचेच असते, त्यामुळे एखाद्या दिवशी लघवी होऊन ते पुन्हा उतरले तर हिरमुसण्याचे कारण नाही.

अन्न

दोन-तीन दिवस ऊब आणि पाणी मिळाल्यावर कासव डोळे उघडून हिंडू लागते, तेव्हा बारीक चिरलेला पाला मूठभरसुद्धा नव्हे, चिमूटभर द्यावा. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न मिळाल्यास रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो आणि सुधारत असलेले जनावर दगावू शकते. हळूहळू, आठवडाभरात, मात्रा वाढवावी.

सुलकाटा हे मुळात गवतावर जगणारे कासव आहे. हराळी आणि मारवेल हे गवत, जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने, शेवग्याचा पाला आणि काटे काढून चिरलेले फड्या निवडुंग हे सगळे आपल्याकडे सहज मिळते. लालभडक जास्वंदीचे फूल बहुतेक रुसलेल्या कासवांना मोहात पाडते, म्हणून सुरुवात त्याने करून पाहावी. रावेर-यावल भागात केळ्यांची ददात नसते आणि कासवालाही केळे फार आवडते. तरीही ते देऊ नये. साखरेमुळे आतड्यांतील जिवाणूंचा समतोल ढासळतो, जुलाब लागतात आणि होते ते वजनही जाते. जनावरांसाठीचा लसूणघास प्रथिनांनी जड असतो, पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियम शोषू देत नाही, आणि भात, पोळी, कळण्याची भाकरी किंवा दूध यांचा कासवाच्या पचनाशी काही संबंध नाही. कपाशीच्या किंवा केळीच्या बांधावरचे गवत दिसायला कितीही कोवळे असले तरी त्यावर फवारणी झालेली असू शकते; परसातले किंवा कुंडीत लावलेले गवतच वापरावे.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस किसून पाल्यावर भुरभुरावा. त्याच्या जोडीला रोज २०-३० मिनिटे कोवळे ऊन हवे, आणि ते अंगणातले हवे, कारण खिडकीची काच उपयोगी अतिनील किरणे अडवते. अर्धी जागा सावलीची असावी आणि कुत्री, कावळे, मुंगूस यांच्याकडे लक्ष ठेवणारे कोणीतरी जवळ असावे.

तोंड उघडून बळेच भरवणे किंवा सिरिंजने पातळ पदार्थ ओतणे घरी करू नये. तो घास श्वासनलिकेत गेला तर उपासापेक्षा मोठे संकट उभे राहते. नळीने अन्न द्यायची वेळ आलीच, तर ते काम पशुवैद्यांचे आहे.

दवाखाना

नाकातून फेस किंवा बुडबुडे येणे, तोंड उघडून मान ताणत श्वास घेणे, तोंडात पिवळसर चिकट थर दिसणे, मागून मांसल भाग बाहेर येणे किंवा डोके उचलताही न येणे, यांपैकी काहीही दिसले तर वर सांगितलेल्या क्रमाची वाट न पाहता, उबदार खोक्यात घालून, त्याच दिवशी निघावे. धोक्याचे काही दिसत नसले, पण आठवडाभर ऊब आणि पाणी देऊनही कासव खात नसेल, तरीही जावे. बरोबर वजनाची वही, राहण्याच्या जागेचे मोबाइलवरील फोटो आणि स्वच्छ डबीत ताजी विष्ठा न्यावी, म्हणजे जंतांची तपासणी करता येते.

तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्या यांच्यावरच बहुतेक उपचार होतात, त्यामुळे एक गोष्ट आपण होऊन सांगावी: आयव्हरमेक्टिन हे गुराढोरांसाठी सर्रास वापरले जाणारे जंतनाशक कासवांना घातक ठरते आणि त्यातून पक्षाघात होऊन मृत्यू येऊ शकतो. तोंडाने, टोचून किंवा अंगावर लावून, कोणत्याही रूपात ते नको. जीवनसत्त्व ‘अ’चे इंजेक्शनही अंदाजाने दिल्यास कातडी सोलवटून निघते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर जवळपास नसतील, तर स्थानिक डॉक्टरांनाच मुंबईतील परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी किंवा अशा तज्ज्ञांशी फोनवर बोलण्याची विनंती करावी.

कासवाला हात लावल्यानंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे, कारण धडधाकट दिसणारे कासवही साल्मोनेला जिवाणू बाळगून असू शकते. त्याचे घमेले स्वयंपाकघरातील मोरीत विसळू नये आणि लहान मुलांना त्याला तोंडाजवळ नेऊ देऊ नये.

सुधारणा आठवड्यांत नव्हे तर महिन्यांत मोजावी लागते. वजन सलग महिनाभर थोडेथोडे वाढत राहिले, विष्ठा घट्ट झाली आणि कासव स्वतःहून पाल्याकडे चालत येऊ लागले, की पाण्यात बसवणे एक दिवसाआड आणि वजन आठवड्यातून एकदा करता येते. तोवर एप्रिल आला असेल, तर खोके आणि बल्ब उचलून ठेवावा आणि धोका आता उलट्या बाजूचा आहे हे ध्यानात घ्यावे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकच्या टबमध्ये कासव थोड्याच वेळात तडफडून मरते. अंगणात निंबाच्या सावलीत दीड-दोन फूट खोल, आडवा ओलसर खड्डा करून त्यावर फरशी टाकून द्यावी. दुपारी कासव आपसूकच त्यात शिरते.