जुना जपानी रिसीव्हर: आधी व्होल्टेज बघा

मिरजेत एका भंगारवाल्याकडे लाकडी कव्हरचा जुना जपानी स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र) मिळाला. मागे १०० व्होल्ट लिहिलेलं, आपल्याकडे २३०! असा सेट थेट लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच. म्हणून २३०चे १०० व्होल्ट करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला आणि त्याच्या आधी, २३०च्या बाजूला, सिरीजमध्ये, म्हणजे सगळी वीज त्यातूनच पुढे जाईल असा, १०० वॅटचा पिवळा बल्ब जोडला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला. प्रखर राहिला असता तर आत शॉर्ट, लगेच बंद करायचं.

डावा चॅनेल मुका होता. अनेक जण थेट ट्रान्झिस्टर बदलायला निघतात. मला ते पटत नाही. आधी साफसफाई. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब भरपूर फिरवले, खरखर गेली. आवाज मात्र स्पीकर रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) काळवंडलेले कॉन्टॅक्ट पुसल्यावरच आला. पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर डिस्चार्ज करून (आत साठलेली वीज काढून) बदलले: मायक्रोफॅरड, म्हणजे क्षमता, तेवढीच, त्यावर लिहिलेलं व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. स्पीकर जोडण्याआधी टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजाच. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

अशा जुन्या जपानी सेटचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, त्यामुळे आपली बरीचशी स्टेशनं डायलवर येतच नाहीत. मिडियम वेव्हवर मात्र १२५१ किलोहर्ट्झला आकाशवाणी सांगली काय सुरेख लागली!