एल्कच्या शिकारीला बुलेट कुठली घ्यायची

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपण दुकानात 'गोळी द्या' म्हणतो ते अख्खं काडतूस असतं, पण जनावराच्या अंगात जाते ती फक्त पुढची बुलेट. इथे कोलोराडोत लोक रायफल आणि स्कोप निवडायला महिने घालवतात आणि काडतुसाचा बॉक्स सेलमधे दिसेल तो उचलतात, हे मला अजिबात पटत नाही, कारण नर एल्क (सांबरासारखं मोठं जनावर) सहज ३०० किलोचा, खांद्याचं हाड जाड, आणि बुलेट वरच्यावर फुटली तर बिचारं जखमी होऊन कुठेतरी दरीत तडफडत मरतं.

बुलेट आत गेल्यावर फुलली पाहिजे, म्हणजे टोक पसरून रुंद झालं पाहिजे, आणि तरी एकसंध राहून फुप्फुसापर्यंत पोचली पाहिजे. पातळ कवच आणि आत शिसं अशी साधी बुलेट हरणाला ठीक, पण जवळून फुल स्पीडमधे हाडावर बसली की तिचा चुरा होऊ शकतो. १९४६ ला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस (एल्कहूनही मोठं जनावर) मारताना जॉन नॉसलर नावाच्या शिकाऱ्याला हाच त्रास झाला, मग त्याने मधे आडभिंत असलेली पार्टिशन बुलेट काढली, पुढचा भाग फुलतो आणि मागचा घुसत राहतो. अजून मिळते, डोळे झाकून घ्या.

दुसरा ऑप्शन बाँडेड, म्हणजे शिसं कवचाला चिकटवलेलं, जसं ॲक्युबाँड. आणि तिसरा पूर्ण तांब्याची, बार्न्स टीएसएक्स वगैरे. घरी लहान मुलं ते मटण खाणार असतील तर मी तांब्याचीच घेईन, शिशाचे बारीक कण मटणात राहतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची बुलेट लांब होते, म्हणून थर्टी-ऑट-सिक्स (.30-06, काडतुसाचा एक साइज) मधे १८० ग्रेनऐवजी (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) १६५ किंवा १५० बघा, आणि लांबवर वेग पडला की ती नीट फुलत नाही, तेव्हा कंपनीने दिलेला कमीत कमी वेग बघून तिथपर्यंतच शॉट घ्या.

फुल मेटल जॅकेट, म्हणजे टोकापर्यंत धातूचं कवच असलेली बुलेट, नकोच, ती फुलत नाही आणि कोलोराडोत एल्कला फुलणारीच लागते, निदान ८५ ग्रेनची.

शेवटी दोन-तीन ब्रँडचा एकेक बॉक्स आणा, १०० यार्डावर तीन-तीन राउंड मारा, ब्रँड बदलताना बॅरल साफ करा. तुमच्या रायफलला जी आवडेल, म्हणजे जिचे तीन राउंड सगळ्यात जवळजवळ लागतील, तिचे त्याच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) तीन-चार बॉक्स लगेच घेऊन ठेवा, सीझन जवळ आला की मिळत नाहीत.